ठकीचे शनिवार

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो भांड्यांवर नावं घालायच्या मशीनच्या आवाजानं. दिंद्रुडच्या पेठेत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, भांड्यांचं दुकान होतं. दुकान एवढंसं, त्यात घागरी, परातींचीच दाटी. म्हणून नावं घालायचं काम घरच्या ओसरीवर चाले. मन्मथदादा, माझा थोरला भाऊ, मांडीत तांब्या धरून बसायचा आणि ‘अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट’ असं टरटर कोरायचा. लग्नसराईत तर कान किटून जात. मात्र आप्पांची लिंगपूजा उरकेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असा दंडक होता. आप्पा कपाळाला विभूती लावून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले की घरात कुणी मोठ्यानं खोकत नसे. पूजा झाली की आई चहा टाकायची, दादा मशीन लावायचा आणि मी अंथरुणातूनच ओरडायचे, ‘बंद करा ते.’ माझी जीभ तेव्हापासूनच तिखट. माझ्या सुनांना विचारा, त्या अजून सांगतील.

उमावहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी नववीत होते. अंबाजोगाईच्या अलीकडच्या एका खेड्यातली. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई आणि थोरला भाऊ, एवढंच तिचं माहेर. चारचौघांत ती मला ‘ताई’ म्हणायची, कारण नणंद वयानं लहान असली तरी मानानं मोठी. दोघीच असलो की मात्र ‘शिवे, कावून तोंड पाडून बसलीस?’ असं चालायचं. शिवकांता हे माझं लांबलचक नाव तिनंच असं कापलं. मला बहीण नव्हती. वहिनी आली आणि पहिल्या महिन्यातच मला वाटायला लागलं की हिला दादासाठी नाही, माझ्यासाठीच आणलंय. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला कधी चीर पडायची नाही. तव्यावर भाकरी फुगली की ती पहिली माझ्या ताटात टाकायची, वर जवसाची चटणी आणि तेलाची धार. आई म्हणायची, ‘नवऱ्याच्या आधी नणंदंला वाढायलीस का गं?’ वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

त्याच साली आप्पांनी रंगीत टीव्ही घेतला. बातम्यांसाठी घेतोय असं त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. गल्लीतल्या केबलवाल्यानं पत्र्यावरून, बाभळीवरून वायर ओढत आमच्यापर्यंत आणली आणि एकाएकी घरात न ऐकलेली गाणी, न पाहिलेले साबण, न कळणाऱ्या भाषा वाहायला लागल्या. बातम्या आप्पांनी चार दिवस पाहिल्या आणि मग ते टीव्हीसमोर बसल्या बसल्याच झोपायला लागले. आम्हाला सापडला तो शनिवार. सकाळची शाळा सुटून मी घरी यायचे, जेवायचे, आणि चार वाजता जपानी चित्रांची एक मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. तिच्यातल्या मुलीचं नाव आमच्या घरात कुणालाच धड म्हणता येईना. डोळे एवढाले, तोंड एवढंसं, म्हणून आईनं तिचं नाव ठकी ठेवलं. पोरींच्या खेळातल्या लाकडी बाहुलीला आम्ही ठकी म्हणायचो. तेच नाव टिकलं.

गोष्ट अशी होती. ठकी शाळेत जाणारी साधी पोरगी. अभ्यासात बेताची, खेळात बेताची, वर्गात तिचं नाव मास्तरांनाही आठवायचं नाही. शाळेच्या जिन्याला बारा पायऱ्या. एक दिवस ती चढून जाते तर तेरावी पायरी लागते, आणि त्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर ती दुसऱ्याच दुनियेत. तिथं आभाळात दोन चंद्र, पाण्यावर न चालता हवेत चालणाऱ्या होड्या, आणि माणसांशी बोलणारा एक पांढरा कोल्हा. तिथले लोक ठकीला मान देत. ती म्हणेल तिकडं होडी वळायची. कुणी तिला ‘कुणाची गं तू’ असं विचारीत नव्हतं. माझ्या दहावीनंतरच्या स्थळांची चर्चा तेव्हा घरात सुरू झालेली होती. पाहुणे आले की मला हाक मारून पाण्याचा तांब्या न्यायला लावायचे आणि मी पाठ फिरवली की रंग, उंची, सगळ्याचा हिशेब व्हायचा. त्यामुळे शनिवारी चार ते साडेचार मी दिंद्रुडात नसायचेच. मी त्या होडीत असायचे. शाळेचा जिना चढताना मी खरोखर पायऱ्या मोजायचे, आता सांगायला लाज वाटते, पण मोजायचे.

माझा धाकटा मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो मोबाइलवर असल्याच मालिका बघतो. मागच्या दिवाळीत म्हणाला, ‘आई, आता अशा शंभर आहेत, प्रत्येकात कुणी तरी दुसऱ्या दुनियेत जातो.’ मी त्याला विचारलं, त्यांच्या मागं घरी काय होतं ते दाखवतात का. तो म्हणाला, ते कोण बघणार.

वहिनी तेच बघायची. मला हे कळायला फार दिवस लागले. दर भागात मधेच एखादं मिनिट ठकीचं घर दाखवीत. तिची आई ताट वाढायची, वाटीवर झाकण ठेवायची, दाराकडं बघायची आणि ताट तसंच उचलून ठेवायची. बस, एवढंच. मला ते मिनिट नकोसं व्हायचं. तेवढ्यात मी पाणी पिऊन यायचे. वहिनी मात्र होड्या चालल्या असताना तांदूळ निवडत असायची, शेंगा फोडत असायची, आणि ती आई दिसली की तिचे हात थांबायचे. एकदा आईनं विचारलं, ‘हिला न्यायला कुणी मुराळी येत न्हाई का गं? येवढे दिस झाले.’ मी म्हणाले, ‘आई, जपानात मुराळी नसतो.’ ‘मंग ते पांढरं कोल्हं कशाला ठेवलंय? त्यानं न्यावं की,’ आई म्हणाली. आप्पा झोपेतच हसले. वहिनी हसली नाही. सासूला ती मामी म्हणायची. हळू आवाजात म्हणाली, ‘कोल्हं तिकडलंच हाय, मामी. मुराळी घरनं यावं लागतंय.’

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस, बहुतेक करून भाऊ. आमच्या घरात मुराळ्याशिवाय सून पाठवत नसत. सुनेनं आपण होऊन ‘जाते’ म्हणायचं नाही, सासरच्यांनी आपण होऊन नेऊन सोडायचं नाही. मुराळी यायचा, त्याला गूळपाणी द्यायचं, जेवू घालायचं आणि मग पोरीला त्याच्यासोबत धाडायचं. तो रिकाम्या हातानं परतला, तर तो त्याचा अपमान. बोलावणं गेल्याशिवाय मग तो त्या घराची पायरी चढत नाही. आणि तो आलाच नाही, तर तो सासरचा अपमान. पंचमी जवळ आली की गावात एसटीतून पिशव्या घेतलेले भाऊ उतरताना दिसायचे आणि कोणत्या घरी कोण आलं याची बातमी त्यांच्या आधी पोचायची. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला वहिनीला तिच्या अण्णानं नेलं होतं. मी सांगते ती दुसरी पंचमी.

त्या पंचमीच्या आदल्या शनिवारी घरात मी एकटी होते. आप्पा दुकानात, दादा माल आणायला माजलगावला. आई आणि वहिनी ज्वारीच्या लाह्या फोडून आणायला भट्टीवर गेलेल्या. पंचमीच्या आधी भट्टीवर ही रांग, सगळी गल्ली तिथंच. दोन तास कुठंच गेले नाहीत. मालिका संपायला दोनच भाग उरले होते आणि मागच्या भागाच्या शेवटी ठकीच्या समोर जिना उभा राहिला होता. जाताना वहिनी म्हणाली, ‘शिवे, नीट ध्यान देऊन बघ. ती घरी गेली का ते मला सांग. मधी उठू नको.’ मी मांडी ठोकून बसले.

जाहिराती लागल्या तेवढ्यात दारात सावली पडली. वहिनीचा भाऊ, बसलिंगअण्णा. उंच, काळासावळा, बोलायला लाजणारा माणूस. हातात पिशवी, धोतराच्या सोग्याला चिखल. ‘उमी हाय का?’ म्हणाला. मी पाण्याचा तांब्या दिला. तो दारातच बसला, आत आला नाही. ‘पंचमीला न्यावं म्हणून आलतो. आईला बरं न्हाई जरा. लई न्हाई, कणकण हाय. पर तिची लई याद काढायलीय.’

मी काय केलं ते मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की वहिनी गेली तर पंधरा दिवस येणार नाही. शेवटचा शनिवार मी एकटीनं बघायचा. घरात पुन्हा मी, आई, मशीन आणि पाहुण्यांचा तांब्या. मी म्हणाले, ‘ह्या साली धाडणार न्हाईत. घरात काम हाय.’

त्यानं विचारलं, ‘तसं म्हणले का आप्पा?’

‘हो.’

‘भेटून जातो मी त्यास्नी दुकानावर.’

आता माझं पितळ उघडं पडणार होतं. मी म्हणाले, ‘आप्पा गावाला गेलेत.’ तरी तो उठेना. तांब्या खाली ठेवला, परत उचलला. ‘उमी येईपतर थांबतो मंग. तिला तरी बघून जातो.’ आत टीव्हीवर मालिकेचं गाणं सुरू झालं होतं. मी म्हणाले, ‘वयनीनंच सांगून ठेवलंय, येत न्हाई म्हणून. तिला हितं करमतंय.’

पहिल्या दोन थापा मी कुणालाही क्षमा करायला लावीन. चौदा-पंधरा वर्षांची पोर होती, घाबरली, स्वार्थी झाली, असं म्हणून सोडून देता येईल. ही तिसरी मात्र मी अगदी विचार करून, त्या माणसानं उठावं म्हणून बोलले, आणि तो उठला. ‘सुखात हाय न्हवं?’ त्यानं विचारलं. मी मान हलवली. ‘मंग झालं,’ म्हणाला, पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागला. मी आत जाऊन उरलेला भाग पाहिला. ठकी त्या भागात जिन्यापाशी नुसती उभी राहते, चढत नाही. त्यासाठी मी हे केलं होतं.

वहिनीला मी सांगितलं, तुमच्या गावाकडचा एक माणूस बाजाराला आला होता, पिशवी देऊन गेला. तिनं पिशवी उघडली. लाह्या होत्या, दोन काकड्या होत्या आणि फडक्यात बांधलेलं तंबीट, भाजल्या पिठाचं गूळ घालून केलेलं. पंचमीला आमच्या लोकांत ते हवंच. वहिनीनं चिमूटभर तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबली. ‘हे आईच्या हातचं न्हाई,’ म्हणाली. आई म्हणाली, ‘खुळे, चवीवरनं हात कळतो का?’ ‘आई सुंठ लई घालती, मामी. ह्यात सुंठच न्हाई. आईनं कावून केलं नसंल?’ मी तिथंच उभी होते, हातात माझा वाटा घेऊन. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं ती पोचली असती.

पंचमीपर्यंत वहिनीनं वाट पाहिली. एसटीचा हॉर्न वाजला की भाकरी थापणारा हात थबकायचा. गल्लीतल्या सुना एकेक करून गेल्या. गल्लीतल्याच लेकी सासरहून आल्या, लिंबाला झोके बांधले, फेर धरले. आमच्याकडं पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाचे उकडलेले दिंड केले. वहिनीनं वाफेचं पातेलं उतरवलं आणि सगळ्यांना वाढलं. तेव्हा आई तिला ऐकू जाईल अशा बेतानं आप्पांना म्हणाली, ‘पहिल्या सालाला हौस आली, दुसऱ्या सालाला भाऊ इसरला. आपल्याला काय किंमत हाय का न्हाई?’ आप्पा म्हणाले, ‘असंल काई अडचण.’ ‘अडचण हाय तर निरोप धाडावा. आता दिवाळीला आला तरी बघू.’ तिकडं त्यांचा अपमान झालेला, इकडं आमचा, आणि दोन्ही अपमान माझ्या एकटीच्या पोटात. माझा दिंड ताटात तसाच राहिला. आई म्हणाली, पोरीला नजर लागली, आणि तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पंचमीनंतर दोन दिवसांनी शेवटचा भाग लागला. आम्ही दोघी शेजारी बसलो. ठकी जिना चढली, वरच्या पायरीवर उभी राहिली, तिथून तिला तिचं घर दिसलं, आई ताट वाढताना दिसली. आणि ती मागं फिरली. तिकडचे लोक तिची वाट बघत होते, तिला तिथंच राहायचं होतं. होडी दोन चंद्रांखालून गेली आणि संपलं. वर्षभर मी याच शेवटासाठी जीव टाकत होते. वहिनी निवडलेल्या तांदळाचं सूप घेऊन उठली. ‘मला न्हाई आवडलं,’ म्हणाली. मी विचारलं, ‘कावून?’ ती म्हणाली, ‘ऱ्हायचं तर ऱ्हावं की. पर आईला सांगून तरी यायचं. ती रोज वाढती, झाकून ठेवती.’ माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ‘वयनी’ एवढी हाकसुद्धा मारून झाली होती. तिनं वळून पाहिलं. मी म्हणाले, ‘काई न्हाई.’

तिसऱ्या दिवशी सकाळी सांगावा आला. आप्पा पूजेला बसले होते. सांगावा घेऊन आलेला माणूस ओसरीवर उभा राहिला आणि पूजा होईपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. पण त्याच्या उभं राहण्यावरूनच वहिनीला समजलं. ती चुलीपुढून उठली आणि तिथंच खाली बसली. आप्पा आणि दादा तिला घेऊन गेले. मधे ओढ्याला पाणी आलेलं, एसटी दोन तास अडली. ही माणसं पोचली तेव्हा माती झालेली होती. आमच्यात बसलेल्या अवस्थेत समाधी देतात, हातात इष्टलिंग देऊन. वहिनीला ते काही दिसलं नाही. वर टाकलेली ओली माती आणि बेलाची पानं दिसली. दादा परत आल्यावर हे आईला सांगत होता आणि मी आतल्या खोलीत कणगीच्या मागं तोंडात बोळा कोंबून बसले होते. रडले असते तर कुणी विचारलं असतं, तुला गं काय झालं एवढं.

सगळे विधी उरकून वहिनी परत आली. दुपारची वेळ होती. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती आणि मी ती विसळून पालथी घालत होते. आई शेजारी गेलेली. वहिनीनं राखेनं परात घासली, पुन्हा घासली, आणि मान वर न करता म्हणाली, ‘अण्णा आलता म्हनं.’

मी म्हणाले, ‘हो.’

‘आई खाटंवर पडून दाराकडं बघत हुती म्हनं. अण्णा एकटा आला तर म्हणली, उमी मागं ऱ्हायली का, चालायला हळू हाय ती. अण्णा म्हणला, न्हाई, ती सुखात हाय. मंग आईनं भिताडाकडं तोंड केलं.’ तिनं परात माझ्याकडं सरकवली. ‘ही विसळा, ताई.’

दोघीच होतो आम्ही, तरी ती ‘ताई’ म्हणाली. त्या दिवसापासून तिनं मला ‘शिवे’ म्हटलं नाही. ओरडली नाही, दादाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. आई जाईपर्यंत म्हणत राहिली की उमीच्या भावानं त्या पंचमीला आपल्याला तोडलं, आणि वहिनी समोर बसून ते ऐकून घ्यायची. भाकरी पूर्वीसारखीच पहिली माझ्या ताटात यायची. मला तिनं एकदा थोबाडीत मारायला हवी होती. मी त्या थोबाडीची वाट बघत त्या घरात आणखी चार वर्षं काढली.

मग माझं लग्न झालं. लातूरकडं दिलं, मोठं खटलं, माणसं बरी, पण पहिले सहा महिने मी रोज एसटीचे हॉर्न मोजले. पंचमीला अजून तब्बल तीन आठवडे होते, आषाढ संपायचा होता, आणि एका सकाळी मन्मथदादा दारात उभा. सासूबाई हसल्या, ‘काय पाहुणे, पंचांग चुकलं का?’ दादा ओशाळला. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मी म्हणलो पंचमीच्या चार दिस आधी जातो, दुकानात काम हाय. तर तुझी वयनी ऐकंना. म्हणली, आजच निघा, उद्या न्हाई. दोन दिस जेवली न्हाई गं ती. काय झालंय तिला?’ मी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. दादा पिशव्या घेऊन आत गेला. मी तिचा हात धरला. सहा महिने मनात घोकलेलं सगळं विसरून गेले. एवढंच म्हणाले, ‘वयनी, त्या दिवशी मी...’

तिनं हात सोडवून घेतला, रागानं नाही, तांब्या कलंडत होता म्हणून. माझ्या चेहऱ्याकडं तिनं नीट पाहिलं, चार वर्षांत पाहिलं नव्हतं असं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

‘ते ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘आधी आत जा. तुमची आई हाय.’